रक्त पिऊन जाणारं जनावर

गोष्ट गावोगाव एकाच साच्यातली असते. रात्री कुत्री भुंकली नाहीत. सकाळी वाड्यात पाच-सहा शेळ्या मरून पडलेल्या. कुणाचं मांस खाल्लेलं नाही. गळ्याशी दोन-चार भोकं, आणि अंगात म्हणे रक्ताचा थेंब नाही. मग कुणीतरी म्हणतं, हा बिबट्या नव्हे, हे वेगळंच काहीतरी आहे. मांजरासारखं, पण अंगानं मोठं, काळपट, लांब शेपटाचं. संध्याकाळपर्यंत मोबाईलवर एक फोटो फिरायला लागतो. तो बहुधा आफ्रिकेतल्या कुठल्यातरी जनावराचा असतो.

अशा गोष्टी ऐकून हसणाऱ्यांचं मला पटत नाही. या गोष्टीतली निरीक्षणं बहुतेक वेळा खरी असतात. कुत्री खरंच गप्प असतात, शेळ्या खरंच न खाता टाकलेल्या असतात, भोकं खरंच थोडी असतात. चुकतं ते या सगळ्यावरून काढलेलं अनुमान. म्हणून गोष्ट टाकून देण्यापेक्षा ती सुटी करून बघावी.

आधी रक्ताचं बघू, कारण सगळी भीती तिथूनच सुरू होते. बिबट्या शेळी मारतो ती गळा धरून. सुळे आत रुततात, जबडा श्वासनलिकेवर आवळला जातो आणि जनावर गुदमरून मरतं. ते निपचित पडेपर्यंत तो पकड सोडत नाही. सुळे जागेवर असतात तोवर भोकं बुचासारखी बंद असतात, आणि सुळे निघतात तेव्हा हृदय थांबलेलं असतं. दाबच उरला नाही तर रक्त उसळणार कुठून? शेळीच्या अंगात वजनाच्या साधारण सात टक्के रक्त असतं, म्हणजे २५ किलोच्या शेळीत पावणेदोन लिटरच्या आसपास. मेल्यावर ते जमिनीकडच्या बाजूला उतरतं आणि तिथंच साकळतं. सकाळी लोक वरची बाजू कापून बघतात आणि ती पांढरीफटक दिसते. तीच शेळी उलटी करा. खालच्या कातडीखाली जांभळटपणा दिसेल. मांजरवर्गातल्या कुठल्याही प्राण्याला चोखून रक्त पिता येत नाही. त्याची जीभ लपलप पाणी पिण्यासाठी आणि हाडावरचं मांस खरवडण्यासाठी केलेली असते.

आता न खाता टाकलेल्या पाच-सहा शेळ्या. रानात एक भेकर मारलं की बाकीची पळून जातात आणि शिकार तिथंच संपते. वाड्यात कुणाला पळायला जागा नसते. पहिली शेळी पडते, बाकीच्या भिंतीला धडका देत आरडत फिरतात, आणि समोर हललेल्या प्रत्येक जनावरावर झडप घालायची ही बिबट्याच्या अंगातली खोड चालूच राहते. खाणं आणि मारणं या त्याच्या लेखी दोन वेगळ्या क्रिया आहेत. त्यात माणसं जागी होऊन बॅटरी मारतात, तो भिंत चढून निघून जातो, आणि मागं उरतात मारून टाकलेली जनावरं. त्यामागं सूड नसतो आणि करणीही नसते. खोंडाएवढं जनावर मेलं असतं तर ते बाहेर ओढायला वेळ लागला असता. शेळी मात्र तो तोंडात धरून सहा फुटी कुडावरून उडी मारू शकतो, म्हणून कधीकधी मोजणीत एक कमी भरते.

आणि गप्प बसलेली कुत्री? गावाजवळ राहणाऱ्या बिबट्याचं मुख्य खाणंच कुत्री आहे. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांची विष्ठा तपासून केलेल्या अभ्यासात त्यांच्या आहारातला ८७ टक्के भाग पाळीव आणि गावातल्या प्राण्यांचा निघाला. त्यात एकटी कुत्री ३९ टक्के, मांजरं १२ टक्के आणि शेळ्या ११ टक्के. त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट असूनही हा हिशेब. ज्याचं आपण खाणं आहोत तो दहा पावलांवर आला की कुत्रं भुंकत नाही. ते बैलगाडीखाली शिरतं.

मग मारलं कुणी हे ओळखायचं कसं? पहिला नियम असा की मढं हलवायचं नाही, आणि दुसरा असा की बघायला लवकर जायचं. दुपार झाली की मूळ मारेकऱ्याच्या खुणांवर कावळे, गावकुत्री, घोरपडी आणि मुंगूस यांच्या खुणा चढतात, आणि मग दिसेल तो दात बिबट्याचा वाटतो. उन्हाळ्यात पोट काही तासांत फुगतं, कातडी ताणली जाते आणि भोकांमधलं अंतर बदलतं.

गळा आधी बघावा. बिबट्याची पकड गळ्यावर खालून किंवा मानेवर मागून असते आणि ती नीटस असते. वरच्या सुळ्यांची दोन भोकं, खालच्यांची दोन. भोकांत बारीक काड्या उभ्या करून मधलं अंतर मोजतात. बिबट्याचं ते चार सेंटिमीटरच्या आगेमागे येतं, वाघाचं पाचाच्या वर, रानमांजराचं दोनाच्या आत. इथं एक फसगत ठरलेली आहे: मोठ्या गावकुत्र्याच्या सुळ्यांमधलं अंतरही बिबट्याएवढंच भरू शकतं. शिवाय पकड बदलताना दोनदा चावलं की भलतीच दोन भोकं जोडी म्हणून मोजली जातात. म्हणून केवळ अंतरावर निकाल देऊ नये. जागा कुठली आहे ते बघावं.

कुत्री मागून धरतात. मांड्या, शेपटीचं बूड, कान, तोंड असं जिथं मिळेल तिथं लचके तोडलेले असतात. कातडी फाटलेली, जखमा वेड्यावाकड्या, लोकर किंवा केस इकडंतिकडं पसरलेले. कळपातली निम्मी जनावरं जखमी होऊन जिवंत असतात, कारण कुत्र्यांना मारण्याचं कसब नसतं. मोकाट कुत्र्यांच्या टोळीनं केलेली नासधूस बिबट्याच्या खात्यावर चढते, हे रानाजवळ राहणाऱ्या कुणालाही माहीत असतं. ते उघडपणे न बोलण्याचं कारण पुढं येईल.

लांडगा माळरानावरचा. सोलापूर, नगर, पुण्याचा पूर्व भाग इथं धनगरांच्या मेंढ्यांमागं तो असतोच. कोकरू तो तोंडात धरून पळवतो, मोठी मेंढी मात्र मांडीला आणि पोटाला धरून पाडतो. तरसाची गंमत वेगळी. तो बहुधा मेलेल्यावर येतो, पण त्याचा जबडा मांडीचं हाड काडीसारखं फोडतो. म्हणून जिथं हाडांचे तुकडे झालेत आणि पाय गायब आहेत, तिथं तरस येऊन गेलेला असतो. मारलं मात्र आधी दुसऱ्याच कुणी असू शकतं. त्याची विष्ठा वाळल्यावर हाडांच्या चुन्यानं पांढरी पडते. रात्री गाडीच्या उजेडात तरस दिसला की अर्ध्या तालुक्यात पट्टेरी वाघ आल्याची बातमी पसरते. पाठ उतरती, अंगावर पट्टे, मानेवरची आयाळ फुगवली की आकार दीडपट. कुत्रं म्हणावं तर कुत्रं नाही, वाघ म्हणावं तर वाघ नाही. वेगळंच जनावर दिसलं म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी तरस बघितलेला असतो कुणास ठाऊक.

गळ्यावरची जखम मेल्यानंतरची की आधीची हे कळायला एक साधी पण खात्रीची परीक्षा आहे, आणि ती पशुवैद्यकांनीच करावी. मानेवरची कातडी सोलून आतली बाजू बघतात. जिवंतपणी चावलं असेल तर भोकाभोवती कातडीखाली रक्त साकळून गडद डाग पडतो. मेल्यावर चावलेल्या जागी भोक असतं पण डाग नसतो. सर्पदंशानं किंवा आजारानं मेलेली शेळी रात्री कुत्र्यांनी फाडली असेल तर ते इथंच उघड होतं.

खाण्याच्या सुरुवातीवरूनही अंदाज येतो. बिबट्या बहुधा पोट-छातीकडून सुरू करतो, वाघ पुठ्ठ्याकडून. बिबट्या खाण्याआधी दातांनी केस उपटतो, त्यामुळं मढ्याशेजारी केसांचे पुंजके पडलेले दिसतात. वझडी, म्हणजे चाऱ्यानं भरलेलं पोट, तो सहसा खात नाही. ती काढून बाजूला टाकलेली सापडते. ओढत नेलं असेल तर शेळीच्या मागच्या पायांच्या दोन बारीक रेघा मातीत उमटतात आणि त्या जवळच्या उसात, ओढ्यात किंवा झाडाच्या बुंध्याशी जातात. त्या रेघांमागं उसात शिरू नये. तो आत असतो, आणि खात असतो.

आता ठसे. मांजरवर्गाच्या ठशात नखं उमटत नाहीत, कारण ती आत ओढलेली असतात. तळव्याच्या गादीची मागची कड तीन उंचवट्यांची असते. ठसा गोलसर, पण बोटं एका बाजूला कललेली. कुत्र्याचा ठसा लांबट आणि दोन्ही बाजूंनी सारखा असतो, नखांची टोकं दिसतात, आणि बोटं व गादी यांच्या मधून फुलीच्या दोन रेघा सहज काढता येतात. तरसाचीही नखं उमटतात. त्याच्या पुढच्या पावलाचा ठसा मागच्यापेक्षा बराच मोठा असतो. बिबट्याच्या ठशाची रुंदी साधारण सहा ते आठ सेंटिमीटर, वाघाची अकराच्या वर, रानमांजराची चाराच्या आसपास. चिखलात पाऊल पसरतं आणि ठसा फुगतो, भुसभुशीत मातीत कडा ढासळतात, आणि कडक जमिनीत कुत्र्याचीही नखं उमटत नाहीत. एका ठशावर पैज लावू नये. सलग चार-पाच ठसे बघावे. फोटो वरून, सरळ काढावा आणि शेजारी दहाचं नाणं ठेवावं. त्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे, त्यामुळं नंतर कुणालाही माप काढता येतं. हातात टेप धरून काढलेला तिरका फोटो काहीच सांगत नाही.

छोट्या मांजरांवर मोठ्या जनावरांचा आळ येतो तो रात्रीच्या उजेडामुळं. डोळे चमकतात, अंतर कळत नाही, मागं तुलनेला काही नसतं. रानमांजर ऊसपट्ट्यात भरपूर आहे. लांब पायांचं, करड्या-पिवळ्या अंगाचं, शेपटीच्या टोकाला काळी कडी. ते उंदीर, ससे आणि कोंबड्या मारतं, शेळी नाही. वाघाटी त्याहून लहान. ठिपक्यांमुळं बिबट्याचं पिल्लू समजून उचलली जाते. उसाच्या तोडीत हा घोळ दरवर्षी होतो. बिबट्याच्या पिल्लाच्या अंगावर दाट ठिपके असतात, डोकं आणि पंजे शरीराच्या मानानं मोठे, शेपटी जाड. रानमांजराच्या पिल्लांच्या अंगावर फिकट पट्टे असतात. पिल्लं कुणाचीही असोत, ती उचलून घरी आणायची नाहीत. वन विभाग ती सापडली त्याच फडात, अंधार पडता पडता, टोपलीत किंवा क्रेटमध्ये ठेवतो आणि आई येऊन घेऊन जाते. जुन्नर भागात अशी भेट पुष्कळदा घडवून आणलेली आहे. पिल्लं हलवली तर मात्र आई त्या शिवारात शोधत फिरते, आणि मग गावात 'चवताळलेल्या' बिबट्याची गोष्ट जन्माला येते.

काळं जनावर म्हणजेही भूत नव्हे. काळा बिबट्या हा साधा बिबट्याच, रंगद्रव्य जास्त असलेला. तिरप्या उन्हात त्याच्या अंगावरचे ठिपके दिसतात. चित्ता म्हणाल तर तो भारतातून नामशेष झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं, आणि २०२२ पासून जे आणले ते मध्य प्रदेशात कुनोला. आपल्याकडं 'चित्ता आला' म्हणतात तेव्हा दर वेळी तो बिबट्या असतो. वाघाबद्दल मात्र इतक्या ठामपणे बोलू नये. यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ २०१९ मध्ये निघाला आणि शेकडो किलोमीटर भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. २०२४ च्या अखेरीस टिपेश्वरचाच एक वाघ धाराशिवच्या येडशी परिसरात येऊन बार्शीपर्यंत फिरू लागला. जिथं कित्येक पिढ्यांनी वाघ पाहिला नव्हता तिथल्या गुराख्यानं 'वाघ होता' म्हटल्यावर पहिल्यांदा त्यालाच वेड्यात काढलं गेलं असेल, तर नवल नाही.

जुन्या गोष्टींकडं वळायचं तर त्यांत जनावर अनोळखी नव्हतंच. वारली लोकांच्या वाघोबाची कथा अशी: लग्नाविना आई झालेल्या एका बाईचं मूल वाघ होतं आणि गावची गुरं मारायला लागतं. गाव चिडतं. तेव्हा आईच मध्यस्थी करते. गावानं त्याला मान द्यायचा, वर्षातून एकदा त्याचा वाटा द्यायचा. त्यानं रानात राहायचं. हा शुद्ध करार आहे. दोन्ही बाजूंना बंधन आहे, आणि तो मोडला तर दोन्ही बाजूंना जाब आहे. पालघर-ठाणे-मुंबईकडं लाकडाच्या किंवा दगडाच्या फळीवर वाघ, चंद्र, सूर्य कोरून शेंदूर लावलेली ही ठाणी आजही आहेत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी १५० च्या वर ठाणी नोंदवली गेली. अकोले, जुन्नर, आंबेगावकडचे महादेव कोळी आणि ठाकर वाघबारस पाळतात. तिथी तीच, आश्विन वद्य द्वादशी. म्हणजे सपाटीवर ज्या दिवशी वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते, त्याच दिवशी डोंगरात ती गाय खाणाऱ्याचीही होते. गुराखी पोरं घरोघर फिरून तांदूळ-दूध गोळा करतात, वाघोबापुढं खीर शिजते, आणि कुणा एकाला वाघ करून शिवाराबाहेर पिटाळतात. घाटवाटांवर वाघजाई बसलेली असते; वरंधा घाटातली तर रस्त्यालाच आहे.

वाघ आणि बिबट्या यांत भेद न करता दोघांनाही 'वाघ' म्हणायची रीत याच भागातली. रात्री तर तेही नाव घेत नाहीत, नुसतं 'जनावर'. भालू ओरडली की वाघ निघाला, हा समजही जुना. भालू म्हणजे कोल्हाच, आणि बिबट्या दिसल्यावर कोल्हे, वानरं, मोर वेगळ्याच सुरात ओरडतात हे खरंच आहे. बिबट्याचा स्वतःचा आवाज डरकाळीसारखा नसतो. दूर कुणी करवत ओढतंय असा, खर्र-खर्र. तो न ओळखल्यामुळंही अंधारात बऱ्याच कथा जन्मतात.

या जुन्या कथांनी गुरांचं नुकसान थांबवलं नाही, तसा त्यांचा दावाही नव्हता. नुकसान सोसण्यासारखं केलं, इतकंच. गेल्या पंचवीस वर्षांत तयार झालेल्या नव्या लोककथेत ते बळ नाही. ती कथा अशी: वन विभागानं रात्री गाड्या भरभरून बिबटे आणून आमच्या रानात सोडले, हे पिंजऱ्यात वाढलेले, माणसाला न भिणारे, जुन्या वाघासारखे नव्हेत. गाव बदललं तरी गाडीचं वर्णन तेच राहतं. या कथेत करार नाही, फक्त आरोपी आहे.

पण हीही कथा हवेतून आलेली नाही, आणि तिची हेटाळणी करणाऱ्यांनी जुन्नरचा हिशेब वाचावा. तिथं शेतात पकडलेले २९ बिबटे आसपासच्या जंगलांत, सरासरी ३९.५ किलोमीटर दूर नेऊन सोडले गेले. हेतू चांगला होता. शेतातला त्रास कमी व्हावा. झालं उलटं. माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी चार होते ते २००१ ते २००३ या काळात वर्षाला सतरावर गेले, आणि त्यांतले जीवघेणे १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर. पिंजऱ्यात कोंडून, गर्दीनं घेरून, मग अनोळखी डोंगरात सोडलेला बिबट्या तिथं थांबत नाही. तो आपल्या मुलखाकडं चालू लागतो, वाटेत दुसऱ्यांच्या हद्दी आणि दुसऱ्यांची गावं लागतात. टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक म्हातारा नर २००९ मध्ये माग काढणारा पट्टा गळ्यात लावून माळशेज घाटात सोडला, तर तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला, आणि वाटेत त्यानं कुणाला ओरखडाही काढला नाही. म्हणजे सोडलेला प्रत्येक बिबट्या हल्ला करतो असं नाही. पण 'सोडले' हा शब्द गावानं कल्पनेतून काढलेला नाही, एवढं मान्य करायला हवं. कल्पना आहे ती पुढची: सगळे बिबटे बाहेरून आले, आणि ते नेले की प्रश्न संपला. अकोले तालुक्यातल्या शेतमळ्यांत कॅमेरे लावून मोजले तेव्हा १०० चौरस किलोमीटरला ४.८ प्रौढ बिबटे भरले. जंगल नसलेल्या भागात. ते उसात जन्मले, उसात वाढले. त्यातला एक पिंजऱ्यात घालून नेला की रिकामी हद्द शेजारचा तरुण नर घेतो, आणि तो नव्या जागी जास्त चुका करतो.

तेव्हा वाडा. बिबट्या तीन मीटरपर्यंत उडी घेतो आणि खडबडीत भिंत चढतो, त्यामुळं छत नसलेला सहा-सात फुटी कूड म्हणजे शेळ्यांसाठी सापळाच. छत हवं, तेही पत्रा नुसता वर ठेवून दगडांनी दाबलेला नको; अँगलला नट-बोल्टनं आवळलेला हवा. प्रौढ शेळीला दहा चौरस फूट धरले तर वीस शेळ्यांना दहा बाय वीसचा वाडा पुरतो. खाली तीन फूट वीट किंवा दगडी भिंत, वर छतापर्यंत जाळी. भिंत आणि जाळी अशी जोडी दोन कारणांनी. नुसती जाळी असेल तर शेळ्या रात्री तिला टेकून बसतात आणि बाहेरून पंजा घालून त्यांना ओढलं जातं. सगळं बंद केलं तर मुताच्या वाफा कोंडून शेळ्यांना न्यूमोनिया होतो, आणि बिबट्यानं नेल्या नसत्या इतक्या खोकून मरतात. जाळी वेल्ड केलेली, जाड तारेची, दोन इंची चौकटीची घ्यावी. विणलेली चेनलिंक एका जागी तुटली की उसवत जाते. पाया फूट-दीड फूट जमिनीत हवा.

दार हा सगळ्यात कच्चा भाग. जाळीवर हजारो खर्च करून दाराला लोक सुतळी बांधतात. दाराच्या खाली आणि बिजागरीकडं चार बोटांपेक्षा जास्त फट नको, कारण जिथं डोकं शिरतं तिथं बिबट्याचं अंग शिरतं. कडी वर आणि खाली अशी दोन ठिकाणी, आणि दार बाहेर उघडणारं, म्हणजे आत ढकलून ते उघडत नाही. वाड्याला टेकून उभं केलेलं जळण, कडब्याची गंजी, वर झुकलेली फांदी या सगळ्या शिड्या आहेत. दोन-तीन मीटर जागा मोकळी करावी. दिव्यांचा उपयोग होतो, पण कायम जळणाऱ्या दिव्याची बिबट्याला सवय होते. मध्येच लागणारा, जागा बदलणारा दिवा जास्त दिवस काम देतो. कुत्रं अंगणात साखळीनं बांधू नये. ते राखण करत नाही, ते आमिष होतं. रात्री त्यालाही आत घ्यावं. आणि पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या ओढ्यात फेकणं बंद झाल्याशिवाय बाकीचं सगळं व्यर्थ: कोंबड्यांवर कुत्री येतात, कुत्र्यांवर बिबट्या.

फिरत्या धनगरांना असला वाडा कुठून बांधता येणार? ते मेंढ्या रात्री वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात कोंडतात. हा शब्द वाघावरून आला असं वाटतं, पण त्याचं मूळ संस्कृत 'वागुरा', म्हणजे जाळं. वाघर बिबट्याला अडवत नाही. मात्र मेंढ्या अंधारात पांगत नाहीत, आणि पांगलेला कळप हेच लांडग्याला हवं असतं. उसाच्या कडेला तळ न देता नांगरटीच्या मोकळ्या रानात दिला तर बिबट्याला दबकत यायला आडोसा मिळत नाही.

इतकं करूनही जनावर गेलंच तर कागदाचं काम. ४८ तासांच्या आत वन विभागाला कळवायचं; वनरक्षकाचा नंबर नसेल तर १९२६ ही वन विभागाची हेल्पलाईन आहे. मढं आणि ठसे जसेच्या तसे ठेवायचे, ठशावर उपडी पाटी झाकून ठेवली तर गुरं आणि माणसं तो तुडवत नाहीत. पंचनामा होतो, पशुवैद्यकीय अधिकारी मृत्यूचं कारण लिहितात, आणि बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा शासनानं ठरवलेली कमाल रक्कम, यांतलं जे कमी असेल ते मिळतं. १ जून २०२४ पासून कानात बारा अंकी बिल्ला नसलेल्या जनावराची भरपाई नाकारली जाते, तेव्हा बिल्ला आधीच मारून घ्यावा आणि मढ्याच्या फोटोत तो अंक वाचता आला पाहिजे.

ज्यांनी मारलं तर भरपाई मिळते त्या जनावरांच्या यादीत बिबट्या आहे, वाघ आहे, लांडगा आणि तरस आहे. गावची कुत्री नाहीत. कुत्र्यांनी फाडलेली शेळी बिबट्याच्या नावावर का चढते याचं उत्तर बरंचसं इथं आहे. त्यात शेतकऱ्याला लबाड ठरवण्यात अर्थ नाही, नुकसान दोन्हीकडं सारखंच असतं. पण त्यामुळं तालुक्याच्या कागदावर बिबटे वाढत जातात, पिंजऱ्यांची मागणी वाढते, आणि ज्या टोळीनं शेळ्या फाडल्या ती त्याच पोल्ट्रीमागं झोपलेली असते. भरपाई मिळाल्यावरही मढ्यावर विष टाकणारे असतात. तो गुन्हा तर आहेच, शिवाय त्या मढ्यावर पहिल्यांदा कोण येईल हे विष टाकणाऱ्याच्या हातात नसतं; बहुधा शेजाऱ्याचं कुत्रं येतं. पंचनामा झाल्यावर मढं तिथंच एक रात्र राहू दिलं तर बिबट्या बहुधा उरलेलं खायला परततो आणि त्या रात्री सहसा दुसऱ्या वाड्याकडं जात नाही. ते उचलून लगेच पुरलं, तर तो उपाशीच असतो.